डाव्या शॉकपातलं तेल

मी परतूरचा, स्टेशनच्या मागं जन्मलो, अब्बा गाड्यांचे शॉकप, म्हंजे धक्के झेलणारे दांडे, खोलायचे, मंग मीबी तेच शिकलो, सातवीत शाळा सुटली अन् अंबडला आलो, किशोरसेठच्या गाळ्यात दुकान टाकलं, वीस वर्षं झाली, मोटरसायकलचे शॉकप करून राह्यलो, दुसरं काही येतच न्हाई मला.

ती रिमोटची गाडी पहिल्यांदा वैशालीबाईंनी आणली. बाई शाळेत विज्ञान शिकवतात, एकट्या राहतात. हातभर गाडी, चाकं मोठी, मला हसूच आलं, म्हटलं बाई, खेळणं घेऊन आल्या का? तर म्हणाल्या, चाचा, याची शर्यत असते, पण ही वळणावर मागून घसरते, अन् उडी मारली की बेडकासारखी उसळते. खोलून पाह्यलं तर काय सांगू तुम्हाला, आत चार शॉकप, बोटाएवढे, पण बिलकुल खरे, पिस्टन, स्प्रिंग, तेल, सगळं. जीव हरखला माझा. मागच्या स्प्रिंगा नरम केल्या, बॅटरी जरा मागं सरकवली, तेल पातळ करून पाह्यलं, जाड करून पाह्यलं. गाडी टेबलावर दाबायची अन् सोडायची, उसळी न मारता निवांत वर आली की समजायचं बराबर. दर रविवारी आम्ही माळावर जायचो, बाई चालवायच्या, मी चाकांकडं बघत बसायचो. तीन महिन्यांनी ती गाडी ढेकळांवरून अशी जायला लागली, जशी मांजर भिंतीवरून जाते.

ते गाळेवाल्या किशोरसेठनं पाह्यलं. त्यानं बाईंच्या गाडीहून महाग गाडी घेतली, तीबी मीच बसवून दिली, पण त्याचा हात धसमुसळा, वळण आलं तरी वेग कमी करत न्हाई, मंग गाडी काय करील?

जालन्याला शर्यत होती. आदल्या दिवशी सेठ दुकानात आला, म्हणाला, उस्ताद, बाईच्या गाडीत उद्या काहीतरी करून ठेव. मी म्हटलं न्हाई होणार. तो हसला अन् म्हणाला, गाळा कोणाचा आहे? बस, एवढंच बोलला.

सकाळी मैदानावर बाईंनी गाडी माझ्या हातात दिली, चाचा, एकदा बघून घ्या, तवर मी तुमच्यासाठी चहा आणते. त्या चहाला गेल्या अन् मी डाव्या मागच्या शॉकपातलं तेल काढून जाड तेल भरलं. बाहेरून काय दिसतंय, काहीच न्हाई. त्या चहा घेऊन आल्या अन् मी तो पिलो. पिलो हो मी. थू!

सपाटीवर गाडी सगळ्यांच्या पुढं होती. पहिल्या उडीला डगमगली, बाईंनी सावरली. दुसऱ्या उडीला उजवी बाजू खाली बसली, डावी बसलीच न्हाई, गाडी तिरपी उसळली अन् पालथी पडली. सेठ पुढं निघून गेला. बाई माझ्याकडं आल्या, डोळे भरलेले, म्हणाल्या, चाचा, तुमची मेहनत मी वाया घालवली, माझाच अंगठा चुकला. अन् मी काय म्हटलं? म्हटलं, होतं असं कधी कधी. माझी जीभ मला सडल्यासारखी वाटली.

आठ दिवस जेवण गेलं न्हाई. मंग त्यांच्या घरी गेल्तो, दारातच उभा राहून सगळं सांगितलं. त्या चिडल्या न्हाईत. म्हणाल्या, चाचा, सकाळी मला एक शब्द सांगितला असता, तर मी मुद्दाम हरले असते. तुमचं दुकान मोठं का ती शर्यत? एवढं बोलल्या अन् दार लावून घेतलं, हळूच, आवाजबी न्हाई केला. त्यांनी दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

हे माझ्या डोक्यात आलंच न्हाई बघा, की माणसाला नुसतं सांगताबी येतं.

आता मंठ्याहून, परतूरहून पोरं गाड्या घेऊन येतात, उस्ताद उस्ताद करतात, मला तो शब्द ऐकवत न्हाई. सेठनं शर्यतीत जिंकलेली ढाल त्याच्या बियाण्याच्या दुकानात लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, त्याची घाण वाटते, पण त्याच्याहून जास्त माझी वाटते. बाई आपली गाडी आता स्वतःच खोलतात म्हणे, अल्ला त्यांच्या हाताला बरकत देवो. माझा गाळा वाचला. रोज सकाळी शटर वर करतो अन् पहिली थुंकी आपल्याच नावानं टाकतो.