फाटकाजवळचा फळा

जया : खडू इकडं दे. दे म्हटलं ना.

(जुलै १९९९, आंजी. कारगिलची लढाई सुरू आहे. शाळेच्या फाटकाजवळ बातम्यांचा फळा, प्रार्थनेच्या घंटेला अजून अवकाश, आणि दहावीतल्या दोघी, किराणावाल्यांची जया अन् शेतकऱ्याघरची आचल, एका खडूवरून हमरीतुमरीवर आलेल्या.)

आचल : सरनं मले देल्ला.

जया : माहीत हाये. आठवीपासून हा फळा मीच लिहीत होती. रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून माहं अक्षर पाहे. आता शाळा उघडली न् खडू तुह्या हातात. तुह्या ओळी पाह्य, फळ्यावरून खाली पडाले निघाल्या.

आचल : वाचता येतात ना, मंग झालं.

जया : हाव, आता तुहं वाकडंही सरळ. परिपाठात तूच पुढं. जवानायच्या राख्या बनवाच्या, त तुलेच प्रमुख केलं. म्या रेशमाच्या राख्या केल्या, टिकल्या लावल्या. मॅडम म्हणे, 'छान आहेत.' न् तुहा दोन गाठींचा दोरा हातात घेऊन रडल्या. मयुरी पाचवीपासून माह्या बाजूले बसे. थेही आता तुह्या बाकावर.

आचल : म्या नाई बलावलं तिले.

जया : तुले बलावाचं कामच काय? तुहा भाऊ लढाईत हाये. माहा भाऊ दुकानात तेलाचे डबे उचलते. त्यात माहा काय कसूर व?

आचल : काईच नाई.

जया : परवा त देवापुढं हात जोडले. म्हटलं, आमच्या चंदनलेही घेऊन जा फौजेत. थोडेसेच दिवस. मंग पाहू मयुरी कोणाजवळ बसते थे.

आचल : असं नोको मांगू, जया.

जया : मांगून झालं. जीव जळते माहा, काय करू? न् वरून तू बातमीही पुरी लिहीत नाई.

आचल : लिहिली ना. शिखर ताब्यात आलं म्हणून.

जया : न् त्याच्या पुढचं? सकाळच्या बातम्या म्याही आयकल्या. जवान शहीद झाले, थे कुठी हाये? काल गाळलं, परवा गाळलं. म्या रोज पाहून राह्यली. तुह्या फळ्यावर शिखर असते, पाऊस असते, सोयाबीनवरची अळी असते. तेवढंच नसते. आज सरले सांगीनच.

आचल : सरले नोको सांगू.

जया : काऊन?

आचल : फळा जाईन माह्याकडचा.

जया : जाऊ दे. माहाच होता.

आचल : सरनं आपल्या मनानं नाई देल्ला, जया. म्याच मांगतला.

जया : तू? तुह्या तोंडातून हजेरीचं 'हजर' निघत नाई.

आचल : माहे आजोबा वाचतात हा फळा. नानाजी. डेअरीत दूध घालून परत जातानी इथी सायकल टेकवतात न् एकेक शब्द वाचतात. घरी गेले का मायले सांगतात.

जया : तुमच्या घरी रेडिओ हाये ना?

आचल : त्याचे सेल काढले म्या. ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवले. मायले वाटते, रेडिओ बिघडला. बातम्या लागल्या का तिच्या गळ्याखाली घास उतरे नाई व. हेमराजदादाचं नाव घेतात का म्हणून कान लावून बसे.

जया : गावात कोणी ना कोणी सांगतच असन.

आचल : आमच्या आंगणात आलं का लोकं पिकापाण्याचंच बोलतात. लढाईचं बोलते, थो हा फळाच. म्हणून मांगतला.

जया : मले काऊन नाई सांगतलं?

आचल : तू बोलून कुठी राह्यली माह्याशी? शाळा उघडल्यापासून तोंड फिरवून जाते.

जया : तुहा हेवा येते, म्हणून.

आचल : हेवा त मले येते तुहा. साखर घ्याले तुमच्या दुकानात येते, तवा चंदन तुही वेणी ओढते. तू त्याच्यावर खेकसते, तुमची माय दोघायलेही रागावते. माहा पुडा बांधून झाला तरी मी तेथीच उभी राह्यते.

जया : लय तरास देते थो.

आचल : माहीत हाये. घे खडू. पुरं लिही, तुले जसं वाटते तसं. अक्षर तुहंच चांगलं हाये. नानाजी येऊन राह्यले, पाह्य, पाराजवळ पोचले.

जया : ओलं फडकं दे. न् तू तिकडं तोंड कर, डोळे पूस पह्यले. असे डोळे घेऊन उभी राह्यली का त्यायले कळन.

नानाजी : झालं का व लिहून, पोरीयो?

जया : झालं, नानाजी. या ना.

नानाजी : 'कारगिलमध्ये आणखी एक शिखर आपल्या ताब्यात. आघाडीवर पाऊस थांबला. आपले सर्व जवान खुशाल.' सर्व म्हणते? असं रेडिओवर सांगतलं?

जया : हाव. म्या माह्या कानानं आयकलं.

नानाजी : मंग आचलच्या मायले जाऊन सांगतो पह्यले. आज अक्षर मोठं सुरेख आलं व. कोणाचं हाये?

जया : आचलचंच हाये, नानाजी.