कलावतीबाईंच्या आवाजाला निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली ते प्राध्यापक राघो भोईर सर, व्यासपीठावरील मान्यवर, कळवा गावच्या मंडळाचे कार्यकर्ते, खाडीकाठच्या माझ्या माताभगिनींनो, बंधूंनो आणि ‘नको नको’ म्हणत असताना हाताला धरून खुर्चीत बसवलेल्या आजच्या सत्कारमूर्ती कलावतीबाई,

निरोप समारंभांना मी पुष्कळ गेले आहे. कुणी निवृत्त होतं, कुणाची बदली होते, आपण चार गोड शब्द बोलून बटाटेवडा खातो. आज माणूस इथेच राहणार आहे, जाणार आहे तो फक्त त्यांचा आवाज. आणि तो काढून टाकणाऱ्या बाईला तुम्ही प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंत, शाल दिलीत, नारळ दिलात. तुमच्या मोठेपणाला काय म्हणावं, मला खरंच कळत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी डॉक्टर शीला, डोंबिवलीची, घशाची सर्जन. उद्या सकाळी मी कलावतीबाईंचं स्वरयंत्र काढणार आहे. कॅन्सर आहे. रेडिएशनचे शेक देऊन झाले, गाठ पुन्हा आली. हे मी त्यांच्या परवानगीनेच बोलतेय. “सांग गो सगल्यांना, माझे मागनां कुजबुज नको,” असं त्यांनीच मला बजावलंय.

कलावतीबाई धवलारीण आहेत, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण माझ्यासारखे काही पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी. धवले म्हणजे लग्नविधीत देवांना आणि घरच्या पितरांना नावानं हाक मारून मंडपात आणणारी गाणी. या गावातल्या किती जोडप्यांचे पितर बाईंच्या हाकेला ओ देऊन आले असतील? हात वर करायला सांगितलं तर अर्धं सभागृह हात वर करेल. नका करू, राहू दे.

बाईंचा एक नियम आहे. मंडपाबाहेर धवला गायचा नाही. समोर नवरा-नवरी नसताना पितरांना हाक मारली, तर ते येणार कुणाकडे? त्यामुळे रेकॉर्डिंगसाठी म्हणून त्या कधी गायल्या नाहीत.

आता त्यांचा नातू संदेश कॉम्प्युटर इंजिनियर. तो मला म्हणाला, “मॅडम, आजीचा आवाज मशीनमध्ये बनवता येईल. फक्त जुनं रेकॉर्डिंग पाहिजे. लग्नांच्या सीड्या आहेत ना घरोघरी!” मलाही पटलं. पोरगा घरोघर फिरला, सीड्या गोळा केल्या. एकेक लावून बघितली. पडद्यावर कलावतीबाई दिसतात, ओठ हलताहेत, हात हलताहेत, आणि ऐकू काय येतंय? सिनेमातली गाणी! विठ्ठलवाडीच्या बंटी व्हिडिओवाल्यानं मंडपातला सगळा आवाज पुसून वर गाणी टाकलेली. त्याला कशाला बोल लावायचा? तोही बिचारा मागे बसलाय. “गाणी टाक रे मस्तपैकी,” असं त्याला प्रत्येक घरानं सांगितलं होतं. तीच पद्धत होती आपल्याकडे. बाईंनी त्या सीड्या बघितल्या आणि हसत म्हणाल्या, “ही मीच का गो? बरी गातंय!”

शेवटी उरले फोनवरचे निरोप. सुनेला पाठवलेले. बोंबील साफ केलेस का, पाणी भरलंस का, जल्ला तो पंखा बंद कर. त्यातून संदेशनं आवाज बनवला. हुबेहूब बनवलाय, मी ऐकलाय. त्या आवाजात बाई आयुष्यभर सुनेला ओरडू शकतील. मी त्याला म्हटलं, गायला लाव. त्यानं लावलं. ‘पंखा बंद कर’ म्हणावं तशाच सुरात गाणं आलं. काय सांगू, तो पोरगा माझ्यासमोर रडला. पुन्हा लावू नकोस म्हटलं.

मग शिवानी पुढे आली. ही संदेशची वाग्दत्त वधू. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलंय. ती म्हणाली, आम्ही आत्ताच लग्न करतो, आजी गाऊ देत. किती मोठ्या मनाची मुलगी! पण चातुर्मासात मंडप कसा घालायचा? दोन्हीकडचे वडीलधारे पंचांग चाळत बसले. बाईंनीच तोंड उघडलं. “मी नाय त नाय. पन पोरांचा लगीन चांगल्या टायमाला लागूंदे.” मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, “तुलशीच्या लगनापरयंत थांबशील का गो?” मी नाही म्हटलं. गाठ थांबणार नाही. थांबले तर त्या लग्नात आवाजही नसेल आणि बाईही नसतील.

मग निदान शिकवा, असं शिवानी म्हणाली. तर धवला कुणी शिकवत नाही म्हणे. भर मंडपात धवलारणीच्या मागे उभं राहून तो घ्यायचा असतो. इतकी वर्षं बाईंच्या मागची ती जागा रिकामीच होती, कारण आपण सगळे बाहेर डीजेसमोर नाचत होतो. आता उभं राहायला मंडपच नाही.

अध्यक्ष महाराज मघाशी म्हणाले, आवाज म्हणजे माणूस नव्हे, आतलं चैतन्य अबाधित राहतं. सर, तुमच्याविषयी आदर ठेवून बोलते. मी पुष्कळ गळे उघडलेत. ते चैतन्य मला दिसलेलं नाही. मला दिसलंय ते नंतरचं. घरात कुणी लक्ष द्यावं म्हणून ताटावर चमचा वाजवणारी माणसं. मी बाईंना एक झडप बसवायचा प्रयत्न करीन. बसली, तर घोगरा का होईना, पाणी मागण्यापुरता आवाज येईल. धवला येणार नाही. माझं शास्त्र, संदेशचं यंत्र, सरांचं तत्त्वज्ञान, प्रत्येकानं आपापल्या परीनं जोर लावला. कुणाचंच काही चाललं नाही. उगाच आशा दाखवायला मी इथे आलेली नाही.

मंडळाचे आभार. ज्या भगिनींनी सकाळपासून हा हॉल सजवला, त्यांचे आभार. मंडळींनी बाईंना आज दोन ओळी गाण्याचा आग्रह करू नये, ही हात जोडून विनंती.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. कलावतीबाई, तुमची माफी मात्र वेगळी मागायची आहे. उद्या माझ्या हातून जे होणार आहे, त्याबद्दल. नंतर तुम्ही मोठ्या मनानं माफ केलंत, तरी या आवाजात ते मला ऐकायला मिळणार नाही. तेव्हा माफी द्यायची असेल तर आत्ताच द्या. नसेल द्यायची, तर एक सणसणीत शिवी द्या, तीही चालेल.

संदेश, हा माईक आजीकडे ने. मी थांबते.