एका वाटीच्या बदल्यात बर्फाचे कपडे

माझा जन्म सरावलीचा, आजी, आणि लिहिताय तर नीट लिहा, परदेशातल्या नातवंडांना पाठवायचं म्हणून मला गोड करून लिहू नका. नाव मंजुळा, डहाणूत सगळे मंजूबेन बोलतात. माझी आई बोहारीण, तिची आई बोहारीण, मी पण बोहारीण. तुमच्या नातवंडांना हे कळायचं नाही म्हणून सांगते, आम्ही घरोघर जाऊन जुने कपडे घेतो आणि बदल्यात स्टीलचं भांडं देतो, मग ते कपडे धुवायचे, बटणं लावायची, उसवलेलं शिवायचं आणि तलासरीच्या बाजारात जमिनीवर पसरून विकायचे. चिकूच्या वाडीत कामाला जाणारी माणसं घेतात, भातवाले घेतात, काटे लागले तरी चालेल असा कपडा त्यांना पाहिजे असतो.

आईनं मला शिकवलं, कपडा उजेडात धरायचा आणि देणारीच्या तोंडाकडे बघायचं. जी घासाघीस करत नाही ती काहीतरी लपवते. बाई चार साड्या टाकून मोठा टोप मागते, मी वाटी दाखवते, ती बोलते जा जा, मी टोपली उचलते, ती बोलते बस गं, मग टोप पण नाही आणि वाटी पण नाही, मधलं पातेलं ठरतं, तो खरा धंदा. मेलेल्या माणसाचे कपडेसुद्धा येतात आमच्याकडे, कुणी सांगत नाही, पण ओळखू येतात. एकाच माणसाचे सगळे एकदम येतात, घड्या घातलेले, आणि देणारी भाव करत नाही. मेलेल्याच्या कपड्याचा भाव कोण करणार? बाजारासाठी आम्ही ते घेतो, पण आईची सक्त ताकीद होती, आपल्या पोराच्या अंगावर तो कपडा चढवायचा नाही. ती मी अजून पाळते.

आता जयूचं सांगते. जयू माझी एकच मुलगी, कॉलेजात जाते, तिथं डोंगर चढणारी पोरं आहेत त्यांच्यात तिचं नाव. एक दिवस घरी येऊन बोलली, आई, हिमालयात जायचंय, बर्फावरून घसरायला शिकवतात, पायाला लांब पट्ट्या बांधून. राहणं फुकट, खाणं फुकट, पट्ट्या पण त्यांच्या. मी बोलली, फुकट? कशासाठी फुकट? मी कॉलेजच्या सरांकडे गेली, बरोबर बाईमाणूस कोण, पोरी झोपणार कुठं, दाराला आतून कडी आहे का, सगळं विचारलं. सर बोलले, मंजूबेन, एवढी चौकशी पोलीस पण करत नाहीत. मी बोलली, पोलिसांची मुलगी नाही जात, माझी जाते.

तर कपडे तेवढे ज्याचे त्यानं आणायचे. जाड जॅकेट, पाणी न शिरणारी पँट, हातमोजे. शुक्रवारपर्यंत दाखवा, नाहीतर तिच्या जागी दुसरी मुलगी. आम्ही दोघी चारोटीला गेलो, हायवेवर एक माणूस मांडून बसतो. फुगलेलं निळं जॅकेट दाखवून बोलला, मौसी, एकदम कश्मीर का माल. मी बाटलीतलं पाणी बाहीवर ओतलं, आत जयूचा हात ओला. तो बोलला, मौसी, बर्फ में पानी कहाँ होता है? मी बोलली, मग बर्फ काय दुधाचा असतो? जयू हसायच्या ऐवजी रडायला लागली. बोलली, आई, तुला कुणाचंच काही पटत नाही, असं करत करत माझा शुक्रवार जाणार.

म्हणून मी टोपली घेतली आणि जिथं जिथं परदेशातली माणसं येऊन जातात त्या घरी विचारत फिरली, बर्फाचे कपडे आहेत का? आशागडला लोक हसले, बोलले, बेन, इथं पंखा लावून पण घाम जात नाही. मग तुमच्याकडे आली.

काय सांगू तुम्हाला, आजी, तुम्ही मला तेव्हा किती घाबरवलंत. मी विचारायच्या आत तुम्ही आतून बॅग आणली. लाल जॅकेट, काळी पँट, हातमोजे, टोपी, एका मुलीचं सगळं एकदम, घडी घातलेलं, डांबराच्या गोळ्यांचा वास. कॉलरच्या आत शाईनं नाव, ईशा. त्या नावावरून तुम्ही बोट फिरवलंत. मी विचारलं, बदल्यात काय देऊ? तुम्ही बोललात, दे एखादी वाटी, घेऊन जा हे, मला बघवत नाही. आणि वर भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो, त्याला चिकटून त्या मुलीचा फोटो, हाराचा गोंडा तिच्यावर लोंबतोय. मी बॅग उचलली. तरी वळून विचारलं, नात कुठं असते? तुम्ही बोललात, लांब. किती मोठी झाली? तुम्ही बोललात, काय माहीत, असेल तुझ्याएवढी. मी मनात बोलली, सख्ख्या नातीची उंची माहीत नाही? हिला सांगवत नाहीये.

बॅग मी घरात नाही नेली, अंगणात तारेवर टांगून ठेवली. जयू जॅकेटला हात लावून बघते, बाही गालाला लावते, मी ओरडते. ती बोलली, सगळ्या तलासरीला विकतेस ना मेलेल्यांचे कपडे? मी बोलली, विकते, तुझ्यावर घालत नाही. ती बोलली, मग तिथल्या पोरी काय कुणाच्या नसतात? मी बॅग तारेवर आणखी वर टांगली.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही बॅग परत आणली. मी खोटं बोलली, चेन खराब आहे. तुम्ही चेन वरखाली केलीत आणि बोललात, मीच मेणबत्ती घासून ठेवली आहे, खरं काय ते सांग. मी चेन परत ओढून बघायला लागली. तेव्हा जयूनं तोंड उघडलं, आजी, आई बोलते ही मेलेल्या मुलीची आहे.

तुम्ही रागावला नाहीत. बसलात, चष्मा पुसलात, बोललात, नातीच्या अंगाला होईनात म्हणून तिनं कुणाच्या हाती पाठवलेत, स्वतः काही आली नाही, आणि फोन लावलात. पडद्यावर एक पोर, केस पिंजारलेले, तोंडात ब्रश, तिकडे सकाळ होती. खरं सांगू, तरी मला पटलं नाही. फोनात मेलेली माणसं पण बोलतात, शेजारची बाई रोज नवऱ्याचा जुना व्हिडिओ लावून बसते. तेवढ्यात पोरीनं जॅकेट बघितलं, थुंकून आली आणि बोलली, आजी, माझं जॅकेट देऊन टाकलंस? काय घेतलंस त्याचं? तुम्ही वाटी दाखवलीत. ती किंचाळलीच, एक वाटी? आजी, तुला फसवलं! ती मला बोलली, अहो काकू, डबा द्या, झाकणवाला, पँट पण आहे ना. मी बोलली, गुडघ्याला ठिगळ आहे. ती बोलली, ते आतून आहे, बाहेरून दिसतं का? मी बोलली, डबा देते, झाकण नाही. ती बोलली, मग हातमोजे परत द्या. मी टोपली उचलली. ती बोलली, बसा हो!

बसा बोलली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मेलेल्याच्या कपड्याचा भाव कुणी करत नाही, आजी. मी डबा दिला, झाकणासकट, आणि तिथंच तुमच्या पंख्याखाली जयूला जॅकेट चढवलं, घामानं निथळली पोर, पण काढेना.

आता जयू हिमालयात आहे. काल फोटो आला, मागं सगळं पांढरं, ही मधे लाल, हसतेय. मी विचारलं, स्टुडिओत जाऊन काढलास का? ती बोलली, आई, आता तरी बस कर. केलं बस.

ईशाला लिहा, बेटा, तुझे कपडे मी विकले नाहीत, ते घरात नेले. तुझं आयुष्य लांब होवो, तुझी उंची तुझ्या आजीला डोळ्यांनी बघायला मिळो. आणि आता अंगाला होत नसतील ते कपडे कुणाच्या हाती पाठवू नकोस. आजीला भाव करता येत नाही. तूच ये.