टेपाखालचा दोरा

...पडदा बंद पडला म्हनता, तं पडनारच ना बाप्पा! मूर्तिजापूरपर्यंत चालला हेच लय झालं. — नाई नाई, तुमी बसा. त्या स्टुलावर बसा. अन् त्या डब्याले हात नोका लावू, बिस्किटं नाईत त्याच्यात, जुना डबा हाये, पडून राहू द्या. — तं काय, फटफटीले सॅटेलाइट! अभाळातून सांगनार का आता डावीकडं वळा, आता उजवीकडं वळा. अन् जाच्चं कुठी? बार्शीटाकळी! अहो, अर्ध्या घंट्याचा रस्ता तो. आमचा बुढा बैलबंडीनं जाये, रस्त्यात दोन झोपा काढे, तरी बंडी बरोबर बार्शीटाकळीतच उभी राहे. — गावात नाई? वावरात? माती गोळा कराले, तपासनीसाठी? अस्सं. म्हनजे नकाशावर ठिपका असते, अन् त्या ठिपक्यावरचीच माती पाह्यजे, दहा पावलं इकडची चालत नाई. भाऊ, वऱ्हाड हाये हे. ठिपक्यावरबी काळीच माती अन् ठिपक्याबाहेरबी काळीच. पन जाऊ द्या, शिकलेली मानसं तुमी, नोकरी हाये तुमची, आज बारा ठिपके झाले पाह्यजे म्हनता, तं करू आपन. किसनरावच्या दुकानातून गाडी ढकलत कोनी गेलं नाई आजवर.

घ्या, खोलली सीट. — अरे बाप्पा! हे काय करून ठेवलं? पाहा, इकडं पाहा, तुमच्याच गाडीची अवदसा हाये, पाहाले काई लाजू नोका. हा रिले. तळहाताएवढ्या पडद्यासाठी रिले! म्हनजे चाबी फिरवली का हा टक करनार, मंग करंट जानार, चाबी काढली का बंद. काहून? तं म्हने बॅटरी उतरू नये. अन् हे वायर पाहा — पाइपात घालून, फ्रेमच्या आडोशानं, जागोजागी बांधून, जशी काई नवरीच चालली सासरी. अर्धा दिवस घातला असंन या मानसानं. अमरावतीचं काम ना हे? ओळखलं मी. अमरावतीवाल्यांले लय टाइम असते. — हो, सांगजा मंग कोनं केलं ते, मले करू द्या आधी. आमच्याकडं हे नखरे नाईत. लाल वायर बॅटरीच्या लालवर, काळी काळीवर, दातानं सोलली, पिळली, टेप मारला, दहा मिनिटात गिऱ्हाईक रस्त्यावर. डायरेक्ट! सत्तावीस वर्षं झाले, एक कम्प्लेंट नाई.

टेपाचंबी कसं हाये, टेप कोनीबी मारते. पन अकोल्याचा मे महिना तुमाले ठाऊक हाये — गोंद पघळते, टेप सरकते, वायर उघडी पडते. या लायनीतल्या अर्ध्या भैताडांले हे अजून समजलं नाई, दर उन्हाळ्यात नवीन टेप मारत बसते. मी काय करतो, टेपाच्या आतून सुताचा दोरा गुंडाळतो. सात वेढे, अन् शेवटाले गाठ, ओढून. जिनिंगात मोटरांवर होतो ना मी पयले, तथी हात बसला, कापसाच्या गावात सुताले काय कमी! टेप पघळला तरी माहा जोड सुटत नाई. उभ्या अकोल्यात दुसरं कोनी करत नाई हे. कोनाले सांगतलंच नाई मी. — म्हनजे एकीले सांगतलं. ते जाऊ द्या.

तो कटर द्या इकडं. तोच, पिवळ्या मुठीचा. हे सारं काढून फेकतो अन् डायरेक्ट देतो तुमाले. — काय म्हनले? जळनार नाई ना? कोनं सांगतलं तुमाले? देवानंद मास्तराचं सांगतलं का कोनं, नाक्यावर? लोकांले दुसरे धंदेच नाईत! अहो, सत्तावीस वर्षात एक गाडी. एक! तीबी सारी जळाली नाई, वायर जळाली, सीट जळाली, अन् मास्तराच्या पोटरीले जरासं भाजलं. महिनाभर लंगडला असंन, जास्त नाई. त्याच्यानं मले बदनाम करून राह्यले. असाच पडदा लावला होता त्यानं, निवृत्त झाला तं गाडीवर देश पाहतो म्हने. लावून देला मी, डायरेक्ट. आता फ्यूज नाई लावला, हे खरं हाये. पन फ्यूज लावाचा म्हनजे काय? म्हनजे आपल्या हाताच्या जोडावर आपलाच भरवसा नाई, असंच ना? मंग गिऱ्हाईकानं काहून ठेवावं?

हेच मी आचलले सांगतलं होतं. — आचल म्हनजे माही पोट्टी. दुकानात बसे ना माह्यासंग. बारावी झाल्यापासून. लोक हासत, पोरीच्या हातात पान्हा देला म्हने किसनरावनं, तोबी डाव्या. मी म्हनलं हासा, तुमच्या पोट्ट्यांपरीस बरी हाये. अन् होतीच. पन तिले ते मोबाइलवर पाहाची सवय — बाबा फ्यूज, बाबा रिले. मास्तराची गाडी मी जोडून राह्यलो तं त्या सकाळीबी म्हने, बाबा, फ्यूज टाका. मी म्हनलं चाय आन. — चाय आन म्हनलं मी तिले. मंग आठव्या दिवशी मास्तर आला लंगडत, संग चार जन. मी म्हनलं कंपनीचा माल खराब निघाला मास्तर, माह्या कामात खोट नाई. अन् ही! तथून, स्टुलावरून, चार मानसांसमोर म्हनते — बाबा, खोटं नोका बोलू, आपन फ्यूज लावला नव्हता. आपन म्हने! तिनं कुठी लावला होता, मीच नव्हता लावला. पन आपन म्हनली.

मंग काय करतो मानूस? म्या म्हनलं, या दुकानात मिस्त्री एकच राहीन. बस, इतकंच म्हनलं. हात नाई उचलला, शिवी नाई देली, मनकर्णाले विचारा, तिची माय हाये ते, खोटं नाई बोलनार. पोट्टीनं हात पुसले, पान्हे जागच्या जागी ठेवले, अन् गेली मामाकडं, अमरावतीले. दोन वर्षं झाले. फोन येते तिचा, मायले येते. मी घरात असलो का मनकर्णा फोन घेऊन मागं जाते, विहिरीजवळ. काय बोलतात काय माईत. मले काय करनं हाये? अक्कल शिकवाले निघाली होती बापाले! एखाद्या गॅरेजात झाडू मारत असंन. मारू दे. — दुकानात मन गमत नाई एवढं खरं हाये. दुपारच्याले तं काईच गमत नाई.

सोडा. आना गाडी जराशीक उजेडात. हा जोड पयले तोडतो, हा बॅटरीजवळचा. टेप मारला पाहा कसा, शिकाऊ मानसानं मार...

...

थांबा जरासे.

चष्मा द्या तो. — दोरा हाये हा. टेपाच्या आतून. एक, दोन, तीन... सात. सात हायेत. अन् गाठ डावीकडं. माही गाठ उजवीकडं बसते भाऊ. डाव्या हातानं काम करते त्याचीच गाठ इकडं बसंन. — कोनं केलं म्हनले हे तुमी? — नाई, नव्हतं सांगतलं तुमी. मीच बोलून राह्यलो होतो. — अमरावतीच्या राजापेठेत? पोट्टी? उंचीशी, कपाळावर इथी जखमेचं निशान हाये? — तिचं दुकान? म्हनजे, कामाले नाई, तिचंच? बोर्ड हाये? — अन् तुमाले इथी कोनं पाठोलं?

तिनं?

काय म्हनली? जसंच्या तसं सांगा. — "अकोल्यात कुठी बंद पडली तं दुसऱ्याच्या हातात नोका देऊ, जुन्या शहरात पुलाजवळ किसनराव मिस्त्री हाये, तथीच जा." — असं म्हनली? बाप म्हनली नाई, मिस्त्री म्हनली? — अन् इतकं मनात ठेवून तुमी मुक्यावानी बसले! मले भुंकू देलं एवढा वेळ! — हो, बोलू देलं नाई मी, ठीक हाये, पन तोंड हाये ना तुमाले, मधी घुसाचं!

ठेवा तो कटर. ठेवा म्हनलं ना खाली. — वायरीत काईच खोट नाई. हे पाहा, फ्यूज उडाला. बस. लहानशी चीज, गेली अन् गाडी वाचली. पन उडाला काहून? हे कोनतं वायर हाये? हा हॉर्नचा पोंगा कोनं लावला मधीच, तिनं? नाई लावनार ते. — तुमी! सोता! तिच्या कामात हात घातला तुमी? त्या वायरीवर एवढा मोठा पोंगा? वावरात कोनाले वाजवून दाखोनार होते, बैलाले? हा फ्यूज नसता तं त्या मास्तरासारखी तुमचीबी पोटरी... काढतो मी हा. नेऊन घरी टांगा.

आता फ्यूज. — माह्याजवळ नाई ना. सत्तावीस वर्षात एक ठेवला नाई. — द्या तो डबा. तोच, हात लावू नोका म्हनलं होतं तो. तिचा हाये. लाल, निळे, पिवळे, सारे पुड्या करून ठेवले पाहा, वर लिहून. जाताना नेला नाई तिनं. हा लहान पाह्यजे आपल्याले. — बसला. फिरवा चाबी. टक! ऐकू आलं? लागला पडदा.

जा आता. बारा ठिपके हायेत तुमचे. — पैसे नोका काढू, फ्यूज माहा नव्हता. — परत अमरावतीलेच जानार ना तुमी? मंग तिले म्हना, डबा इथी जागा अडवून राह्यला. लागत असंन तं न्या म्हना. कोनाच्या हातानं नाई, सोता येऊन. अन् म्हना का मिस्त्री... — नाई. काईच नोका म्हनू. डब्याचंबी नोका म्हनू. निघा तुमी, निघा, माहं दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं. — कुठी हाये गिऱ्हाईक म्हनजे? येईन ना ते! निघा म्हनलं ना तुमाले!