फक्त बाबांकडे चालणारा गेम
कन्सोल दुरुस्तीच्या दुकानात रांगेतल्या शिक्षिकेला पुढच्या वायरमनचं आणि दुकानदाराचं बोलणं नको असतानाही ऐकू येत होतं.

“दादा, खूशखबर! तुमच्या लेकीचा आवडता गेम आता कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणार.”

“कुठल्याही? इतकी वर्षं तर फक्त ह्या कन्सोलवरच चालायचा.”

“संपली ती मक्तेदारी.”

“म्हणजे तिच्या आईच्या घरीही चालेल?”

“चालेल की.”

“घटस्फोट झाल्यापासून ती दर रविवारी येते, ती त्या गेमसाठीच हो.”

“असं कसं? बाप तो बापच.”

“मागे महिनाभर कन्सोल बंद होता, तेव्हा एकदाही फिरकली नाही.”

“मग आता हा दुरुस्त करू की राहू दे?”

“आजच करा. तिला कळेपर्यंत एखादा रविवार तरी पदरात पडेल.”