आत्याची थंड गल्ली

भाची: आत्या, हे मोरीत काय करतंय?

आत्या: अगंबाई! तू आत्ता कशी उगवलीस? नेहमी संध्याकाळी येतेस ना?

भाची: चारला महापालिकेत बैठक आहे, तिथे हे यंत्र दाखवायचंय. विषय बदलू नकोस. मी हे खिडकीबाहेर, पत्र्याखाली टांगलं होतं.

आत्या: टांगते की मी. तू यायच्या आधी.

भाची: यायच्या आधी म्हणजे?

आत्या: ओरडतेस काय? दुपारी हात लावला तर चटका बसायचा. तूच म्हणालीस ना, महागाचं आहे, जिवापाड जप? जपलं. ऊन चढलं की आत आणायचं, मोरीत ठेवायचं, वरून ओलं फडकं. चुकलं काय माझं?

भाची: कधीपासून?

आत्या: तू लावून गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

भाची: म्हणजे सगळा उन्हाळा! अगं, ते तापायलाच ठेवलं होतं. इथे किती तापतं तेच तर मोजायचं होतं!

आत्या: मग तसं सांगायचं होतंस. मला काय स्वप्न पडणार होतं?

भाची: नाही सांगितलं. नुसतं जप म्हणाले.

आत्या: बस जरा. चेहरा बघ कसा झालाय.

भाची: आख्ख्या शहरात हीच गल्ली थंड निघाली, आत्या. त्यावर प्रबंधात एक प्रकरण लिहिलं मी. जुन्या दाट वस्त्या कशा गार राहतात म्हणून. परिषदेत टाळ्या घेतल्या. आणि मोजलं काय? तुझी मोरी!

आत्या: मोरी आहे खरी गार.

भाची: हसू नकोस गं! आज ठरणार, कुठल्या पत्र्यांना पांढरा रंग द्यायचा, कुठे दुपारी बसायला गार खोली करायची. माझ्या नकाशात तुमची गल्ली निळी आहे. निळ्याला काही मिळत नाही.

(फोन वाजतो. प्रबंधाचे मार्गदर्शक सर आहेत. ती स्पीकरवर घेते.)

सर: निघालीस का? आयुक्तांना तुझ्या थंड गल्लीची फार उत्सुकता आहे.

भाची: सर, ती थंड नाहीये. यंत्र घरात, मोरीत होतं. रोज दुपारी, ओल्या फडक्याखाली.

सर: काय? कुणी केलं हे?

भाची: चूक माझी आहे, सर.

सर: हे बघ, आज ठरलंय ते बोलून टाक. पुढच्या उन्हाळ्यात परत मोज.

भाची: आणि तोवर इथली माणसं?

सर: प्रबंधाची मुदत एकदा वाढवून झालीय. आता तोंड उघडलंस तर वर्ष गेलं, शिष्यवृत्तीही गेली. मग माझ्याकडे येऊ नकोस.

आत्या: बरोबर बोलतायत ते. गप्प बस तू.

भाची: तू मध्ये पडू नकोस.

आत्या: पडणार! माझ्या फडक्यापायी तुझी डिग्री बुडाली, तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? काढलेत इतके उन्हाळे, काढू अजून एक.

भाची: शेजारच्या काकू परवा जिन्यात चक्कर येऊन पडल्या, त्या कशाने?

आत्या: वय झालंय त्यांचं.

भाची: तुझ्याएवढ्याच आहेत. आणि तू गं? तू दुपारी कुठे असतेस?

आत्या: कुठे जाणार? इथेच. पूर्वी बसायचे मोरीच्या उंबऱ्यावर, ओलं फडकं डोक्यावर टाकून.

भाची: पूर्वी?

आत्या: अगं, नळ सकाळी येऊन जातो. दुपारपर्यंत उरतं तांब्याभर पाणी. त्यात काय काय भिजवायचं? म्हटलं, आधी त्याला होऊ दे. ते बिघडलं तर पोरीचं नुकसान. माझं काय बिघडतंय?

भाची: सर, ऐकलंत?

सर: ऐकलं. पण वर्ष तुझं जाईल, माझं नाही.

भाची: जाऊ दे. मी येतेय, आणि खरं तेच सांगणारेय. ठेवते.

आत्या: वेडी आहेस का तू? आणि ते परत बाहेर कशाला टांगतेस? बैठकीत दाखवायचं होतं ना?

भाची: तापू दे त्याला. तांब्यात पाणी आहे?

आत्या: आहे घोटभर.

भाची: मग ते फडकं दे इकडे. आणि डोकं पुढे कर.