कृष्णाबाईंच्या ट्रॅक्टरचा कारखाना कुठला?

...नाही, पण मी म्हणतो, ट्रॅक्टरला नाव हवंच कशाला? बैलाला कुणी विचारतं का, बाबा रे, तुझा कारखाना कुठला? पण नाही! कचेरीतल्या त्या फॉर्मात एक रकाना, 'मेकर', म्हणजे बनवणारा कोण. आणि त्या बोटभर रकान्यापायी आमच्या उपेंद्रचे तीन रविवार गेले हो, तीन! तेही बासष्ट सालच्या उन्हाळ्यातले!

आता हा उपेंद्र कोण? पुण्याचा. बेंगळुरात सरकारी कारखान्यात इंजिनियर, मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात संसार. तुम्हाला सांगतो, इतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. आमटी अळणी झाली तर बायकोला 'अळणी' म्हणणार नाही... "हेमलता, पाव चमचा कमी." आणि खोटं? नुसता विचार आला तरी कान लाल!

त्याचे घरमालक नागोजीराव. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातले, घरात मराठी, पण कन्नडात मुरलेली, लोणच्यासारखी. एक दिवस आले ते हात जोडूनच. "उपेंद्रअण्णा, हेब्बाळला माझी अक्का असते. कृष्णाबाई. भावजी, बसवंतराव, वारले की हो गेल्या साली, आणि त्यांचं ते ट्रॅक्टर राहिलंय मागं. शेत रस्त्यापलीकडं. कागदाबिगर ते रस्त्यावर आणायचं नाही म्हणतात, आणि बनवणारा कळल्याबिगर कागद देत नाहीत. मी म्हणतो, भंगारात घाल. अक्का ऐकंना. तुम्ही स्वल्प बघून नाव तेवढं सांगा."

"एवढंच ना?" उपेंद्र म्हणाला. "अहो, प्रत्येक यंत्रावर नंबर असतो. अर्ध्या तासाचं काम."

अर्ध्या तासाचं!

गेला सायकल मारत हेब्बाळला. गोठ्याशेजारी ते ध्यान उभं. बॉनेट निळं, फोर्डसनचं. छान! बॉनेट उघडलं, आत इंजिन राखाडी... फर्ग्युसनचं! बरं. खाली वाकला, तारेच्या ब्रशनं गिअरबॉक्स घासला, तर रशियन अक्षरं! पुढची चाकं लष्करी लिलावातल्या जीपची, स्टिअरिंग लॉरीचं. सांगा आता, ह्याला काय नाव द्यायचं?

आणि शेजारी कृष्णाबाई. एवढीशी बाई, उंबऱ्यावर उभी राहिली तरी खिडकीएवढी. ती काय म्हणते? "हे इंजिन व्हय? तुमकूरच्या मळ्यातनं आणलं त्यांनी. मला ताप हुता त्या दिवशी. इंजिनाबरोबर मोसंबी आणली पाच." आणि निळं बॉनेट? "ते आणलं तवा आठ दिवस आम्ही बोलत नव्हतो. माझ्या खोलीत ठेवलं हुतं की हो, पलंगावर!"

उपेंद्र वहीत लिहितोय: इंजिन, एकोणपन्नास सालचं. मोसंबी, पाच. मग मोसंबी खोडतोय!

दुसऱ्या रविवारी नागोजीराव भंगारवाल्यालाच घेऊन हजर. भंगारवाल्यानं चाकाला लाथ मारून बघितली. कृष्णाबाई जाऊन ट्रॅक्टरला पाठ लावून उभी राहिली. उपेंद्र म्हणाला, "माझं काम झालेलं नाही. अपुऱ्या माहितीवर वस्तू विकता येत नाही." असा काही नियम आहे का? नाही! पण ते त्याला मनापासून वाटत होतं, म्हणून कान काही लाल झाले नाहीत. भंगारवाला गेला.

तिसऱ्या रविवारी इंजिन सुरू करून बघू म्हणून उपेंद्र सीटवर चढला. चढला तो अडकलाच! गुडघे थेट स्टिअरिंगला! सीट पुढं ओढून पक्की जोडलेली, क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवर लाकडाचे ठोकळे, चांगले चार बोटं जाड.

"बसवंतराव उंचीनं किती होते हो?"

"सहा फूट. दारातनं वाकून यायचे."

"मग चालवायचे कसे?"

"बेडकासारखे! गुडघे कानाशी. सगळा गाव हसायचा. मी म्हणायची, एवढं सगळं जुळवलंत, बसायची जागा तेवढी चुकली."

उपेंद्रनं टेप काढला. सीटपासून पेडल, पेडलपासून स्टिअरिंग. वहीत बघितलं. मग तिच्याकडं बघितलं... मग पुन्हा वहीत.

"अक्का, तुम्ही जरा वर बसा."

"अय्यो, मी? बाईमाणूस?"

"मोजमाप अपुरं राहतंय."

बसली, पदर खोचून. उजवा पाय ब्रेकवर टेकला, डावा क्लचवर, हात स्टिअरिंगवर. कुठं ओढ नाही, कुठं ताण नाही. शिंप्यानं चोळी बेतावी तसं! बाईनं पेडलावरचा ठोकळा पायानं चाचपला. मग हळूच म्हणाली, "रोज हाक मारायचे. ये की, एकदा बसून तर बघ. मी म्हणायची, चुलीवर नाचणीच्या मुद्द्याचं आधण आहे, मागनं बघू. चार वर्षं मागनं बघू म्हटलं मी..."

उपेंद्र तिकडं तोंड करून ब्रश पुसत राहिला. स्वच्छ ब्रश हो!

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं अहवाल लिहिला. चार पानं, सगळे नंबर, आणि शेवटी: 'बनवणारा: बसवंत, राहणार हेब्बाळ.' खाली स्वतःची सही. अचूक! आणि कचेरीतल्या कारकुनानं चार पानं वाचली का? छे! पान उलटलं, तळाशी सहीजवळ नाव दिसलं, ते उचललं आणि रकान्यात टाकलं! ट्रॅक्टरचा मेकर कोण? उपेंद्र!

कागद इंग्रजीत. कृष्णाबाईनं दोन्ही हातांत धरून त्याच्यापुढं केला. "वाचा की अण्णा, बनवणारा म्हणून कोण लिवलंय?"

उपेंद्रनं वाचलं. पुन्हा वाचलं. कान लाल... नुसते लाल नाहीत, तुम्हाला सांगतो, जास्वंदीसारखे! आणि म्हणाला, "बसवंत."

"सरी, बरं झालं," ती म्हणाली, आणि कागद देवघरात ठेवला.

आता दुरुस्ती करायची तर कागद तिच्याकडून परत मागायला हवा. मागणार कोण? कृष्णाबाई तर मजेत ट्रॅक्टर घेऊन रस्ता ओलांडते, आख्खी बस थांबवून! आणि इकडं दर मार्चमध्ये उपेंद्रला सरकारी लखोटा येतो: 'आपल्या कारखान्यानं चालू वर्षी किती ट्रॅक्टर बनवले ते कळवावे.' पहिल्या वर्षी त्यानं तीन पानी खुलासा लिहिला. दुसऱ्या वर्षी एक पान. यंदा, अडुसष्ट साली, हेमलतेनं नुसतं पेन पुढं केलं, आणि त्यानं गुमान लिहून टाकलं: 'यंदा एकही नाही. प्रयत्न चालू आहेत.'